पूर्वज नव्हे, चुलत

आमच्या लालबागच्या चाळीत नवी सून आली की बायका तिच्या बांगड्या बघत आणि सर तिचे दात बघत. मी लग्न होऊन आले तेव्हा माप ओलांडायच्या आधीच गॅलरीतून आवाज आला होता, "जरा हसव रे तिला." मला वाटलं फोटोवाला आहे. मी आज्ञाधारकपणे हसले. शेजारच्या खोलीच्या दारातल्या किडकिडीत माणसाने चष्मा कपाळावर सरकवला, वाकून माझ्या तोंडात पाहिलं आणि जाहीर केलं, "अक्कलदाढेला भरपूर जागा आहे. जुनी ठेवण." सासूबाई महिनाभर त्या वाक्याचा अर्थ लावत होत्या. हे चांगलं म्हणाले की वाईट, ते त्यांना कळेना, आणि विचारायची सोय नव्हती. विचारलं की सर सांगत, आणि सर सांगायला लागले की गॅसवरची डाळ करपत असे.

सर कॉलेजात मानववंशशास्त्र शिकवत. म्हणजे माणूस माणूस व्हायच्या आधी कोण होता, आणि ते दगड झालेल्या हाडांवरून कसं ओळखायचं, ते. या विषयात पोरांना नोकरी दिसेना, आणि मग कॉलेजला विषयात पोरं दिसेनात. शेवटी कॉलेजने विषयच बंद केला. कवट्या ठेवायची खोली मॅनेजमेंटच्या कोर्सला हवी होती. तिथे आता उमेदवारांना मुलाखतीत कसं बसावं ते शिकवतात. कवट्या म्हणजे खऱ्या नव्हेत. परदेशातल्या संग्रहालयांतल्या अस्सल कवट्यांवरून साचे काढून केलेल्या प्लास्टरच्या प्रती. त्या भंगारात निघाल्या होत्या. सरांनी त्या वर्तमानपत्रात गुंडाळून टॅक्सीने घरी आणल्या. एक कवटी त्यांच्या मांडीवर होती आणि टॅक्सीवाला भायखळ्यापासून आरशात बघत होता, असं ते कौतुकाने सांगत.

घर म्हणजे दहा बाय बाराची खोली. तीत सर, काकू आणि नऊ कवट्या. फळी मारायला एकच भिंत शिल्लक होती, ती ओट्याच्या वरची. त्यामुळे काकू बांगडे तळायच्या तेव्हा वरून लाखो वर्षांपूर्वीची मंडळी रिकाम्या डोळ्यांनी कढईत बघत असायची.

"ह्यांका माझ्या डोक्यार कित्याक बसवलास?" काकू रोज विचारायच्या. "फोडणी घालताना हात थरथरता माझो."

पण दर शनिवारी ओल्या फडक्याने त्या कवट्या पुसायच्या काकूच. त्यांनी प्रत्येकीला नावही ठेवलं होतं. लहानशी होती ती बुटकी. दाढा बत्त्यासारख्या नि जबडा हा एवढा होता तो जाडजबड्या. रुंद नाकाचा निअँडरथल तो नाकेला. सर चिडत. शास्त्रात लॅटिन नावं असतात, म्हणत. मी एकदा हिशेब लावून दाखवला की जाडजबड्याचं लॅटिन नाव शास्त्रज्ञांनी आजवर निदान दोनदा बदललंय, काकूंचं मात्र एकदाही बदलावं लागलेलं नाही. सर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

कवटीत मेंदू केवढा मावायचा ते मोजायला जुन्या काळी तिच्यात मोहरी भरत आणि मग ती मोहरी मापात ओतत. सरांना जुन्या पद्धतींचा फार आदर होता. मोहरी काकूंची. एका रविवारी काकूंनी डबा उघडला तर तो रिकामा, आणि सगळी मोहरी फळीवर उलट्या ठेवलेल्या एका बिनबुडाच्या कवटीत. त्या दिवशीच्या फोडणीची मोहरी काकूंनी सरळ त्या डोक्यातूनच घेतली. "तसो तरी खयचो मेंदू वापरात येता ह्या घरात," असंही म्हणाल्या.

सर माणसांचे दोन भाग करत, जोडणारे आणि तोडणारे. म्हणे शास्त्रज्ञांतही हेच दोन पंथ आहेत. तोडणाऱ्याला एक दात सापडतो, तो आधीच्या दातांपेक्षा जरासा मोठा असतो, की लगेच हा वेगळ्या जातीचा माणूस म्हणून बारसं, पेढे आणि पेपरात फोटो. जोडणारा येतो आणि म्हणतो, अरे, एका घरातल्या दोन भावांच्या दातांत याहून जास्त फरक असतो, टाका सगळे एकाच पोत्यात. "आणि खरं सांगू का," सर चष्मा पुसत म्हणत, "ज्याला हाड सापडतं त्याला ते आपल्याच घराण्याचं वाटतं. आपला तो पूर्वज, दुसऱ्याने उकरलेलं ते माकड." आमच्या चाळीत एक गणपती मंडळ फुटून दोन झाली तेव्हा सर गॅलरीतून खुशीत ओरडले होते, "तोडणारे जिंकले!" दोन्ही मंडळांनी त्या वर्षी त्यांच्याकडून वर्गणी घेतली.

नर्मदेकाठी सापडलेली आपल्याकडची एक कवटी आहे. तिला कोणी या जातीत घालतं, कोणी त्या. सर म्हणत, "बिचारीला अजून कुणी रेशनकार्डावर घेत नाही." हे म्हणताना त्यांचा आवाज जरा उतरायचा. हा जन्मभर हाडांवर बोललेला माणूस स्वतः कधी उत्खननाला गेला नव्हता. कॉलेजने रजा दिली नाही, आणि मग वयाने. एकही हाड त्यांनी आपल्या हाताने मातीतून काढलेलं नव्हतं. सगळं ज्ञान दुसऱ्याने उकरलेल्याच्या प्लास्टरवर. ही गोष्ट त्यांना डाचत होती, हे भिंतीपलीकडे राहून मला कळलं. त्यांनी ती बोलून कधी दाखवली नाही.

पण सरांचा खरा हट्ट वेगळाच होता. कवट्यांना कुणी 'आपले पूर्वज' म्हटलेलं त्यांना खपत नसे. "पूर्वज नव्हे, चुलत!" हे त्यांचं पालुपद. माणसाच्या वंशाची रांग नसते म्हणत, झुडूप असतं, आणि त्याच्या बहुतेक फांद्या मध्येच वाळलेल्या. जमिनीत सापडलेलं हाड नेमकं आपल्याच फांदीचं कशावरून? शेजारच्या फांदीचं असण्याचाच संभव जास्त. "पूर्वज म्हणायला पुरावा लागतो. चुलत म्हणायला काही लागत नाही."

तळमजल्यावरच्या अण्णांनी घरात आपली वंशावळ फ्रेम करून लावली होती. सगळ्यात वर गावचे खोत. सरांनी तिच्यासमोर उभं राहून अगदी विनयाने विचारलं, "खोतांच्या वर कोण?"

"वर फ्रेम संपली," अण्णा म्हणाले.

"तिथूनच आमचा विषय सुरू होतो." मग सरांनी तासभर अण्णांना त्यांचे चुलत समजावले, अगदी झाडावरच्यांपर्यंत. अण्णांनी पुढे फ्रेम आतल्या भिंतीला हलवली.

सर आणि काकूंना मूलबाळ नव्हतं. कुणी उगाच चौकशी केली की सर म्हणत, "आम्ही दोघं बाजूची फांदी. इथे संपते." तेव्हा भिंतीपलीकडे झारा जरा जोरात आपटल्याचा आवाज यायचा.

दिगू म्हणजे आमच्या मंडळाचा अध्यक्ष. नोकरीला गाड्यांच्या शोरूममध्ये, त्यामुळे काहीही विकू शकायचा. एका वर्षी तो सरांच्या दारात येऊन उभा राहिला.

"सर, या टायमाला देखावा हटके पाहिजे. किल्ले झाले, गुहा झाल्या, केदारनाथ तर तिकडच्या मंडळाने दोनदा केला. तुमच्या कवट्या द्या ना. मानवाची उत्क्रांती! एकदम मस्त ठेवतो, टेन्शन नाय."

"रांग लावणार नाहीस? माकड, मग वाकलेला माणूस, मग ताठ माणूस, आणि शेवटी तू?"

दिगू ओशाळला. त्याच्या मनात नेमकं तेच होतं. शेवटी मात्र नगरसेवक होता.

दहा दिवस ओटा मोकळा मिळणार म्हणून काकूंनी दिगूची बाजू घेतली. सरांनी दोन अटी घातल्या. झुडूप दाखवायचं, रांग नाही. आणि वर बोर्ड लिहायचा, 'आपले चुलत'.

"सर, झुडूप डन," दिगू म्हणाला. "पण चुलत नको ना. चुलत म्हटलं की पब्लिकला कोर्ट आठवतं. माझ्याच चुलत्यावर केस चालू आहे, गावच्या घराची."

"शास्त्र आहे ते, दिगू."

"बघतो सर."

गणपती बसले त्या दिवशी सर मांडवात गेले, तर हिरव्या कापडाच्या झुडपावर त्यांची मंडळी फांद्याफांद्यांतून नीट बसवलेली, प्रत्येकावर एक दिवा, आणि वर सोनेरी अक्षरांत फ्लेक्स, 'आपले पूर्वज'. खाली नगरसेवकाचा फोटो. सर भडकले. दिगू म्हणाला, "सर, आता छापून आलाय." फ्लेक्स छापून आला की आमच्याकडे वाद संपतो.

मग सरांनी स्वतःच बोर्ड व्हायचं ठरवलं. रोज संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते झुडपाशेजारी उभे राहत आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, "पूर्वज नव्हे, चुलत." शेजारी स्पीकर. लोकांना वाटे, म्हातारा चप्पल बाहेर काढायला सांगतोय. ते चप्पल काढून येत.

पहिल्याच संध्याकाळी एका आजींनी पदर सावरला, फ्लेक्स वाचला आणि नाकेल्याच्या कपाळाला हळदकुंकू लावलं. आमच्याकडची कोकणातली माणसं गावच्या घरी मूळपुरुषाला नारळ ठेवणारी. पूर्वज हा शब्द वाचल्यावर त्यांचे हात खिशात थोडेच राहणार? मग उदबत्त्या आल्या, नारळ आले. बुटकीला कुणी हिरवा चुडा ठेवला. नोकरीसाठी, लग्नासाठी गाऱ्हाणी सुरू झाली. जाडजबड्यापुढे कुणीतरी विडीचं बंडल ठेवलं.

"अहो, तो पालापाचोळा खायचा!" सर कळवळून म्हणाले.

"मग तंबाखू पालोच मां," ठेवणारे गृहस्थ म्हणाले. नमस्कार करून गेले.

रात्री मांडव शांत झाला की सर ओलं फडकं घेऊन कुंकू पुसत बसत. मी एकदा डबा द्यायला गेले तर ते जाडजबड्याशी पुटपुटत होते, "बारा लाख वर्षं निर्वंश होऊन पडलायस आणि आता तुला नवस." ते चिडलेले होते, पण थोडे सुखावलेलेही असावेत. त्यांच्या वर्गात शेवटच्या वर्षी चार पोरं होती. इथे दारापर्यंत रांग.

विसर्जनाच्या मिरवणुकीला सर जात नसत. कानात कापूस घालून झोपत. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशव्या आणि जुनी वर्तमानपत्रं घेऊन ते मांडवात गेले. दूध घेऊन परतणारी मीही होतेच. झुडूप जागेवर होतं. फांद्या रिकाम्या.

दिगू गुलालासकट सतरंजीवर झोपला होता. त्याला हलवून उठवलं तर घशातून आवाज निघेना. तरी मोठ्या समाधानाने म्हणाला, "सर, तुमच्या सगळ्यांना गती दिली."

"काय दिली?"

"विसर्जन, सर. तराफ्यावर घातले, बाप्पाच्या बाजूला. नारळ फोडला. खोल पाण्यात सोडले, एकदम रिस्पेक्टफुली."

मी दिगूवर ओरडले. तो माझ्याकडेच वेड्यासारखा बघायला लागला. "ताई, पूजा झालेली वस्तू परत खोलीत नेऊन ठेवणार? ती पण ओट्यावर? आणि आजपासून पितृपक्ष. पूर्वज ना हे? लटकत राहिले असते."

यात चूक काढून दाखवा. मला आजपर्यंत काढता आलेली नाही. बोर्डावर चुलत लिहिलं असतं तर त्या कवट्यांना कुणी हात जोडले नसते आणि कुणी पाण्यातही सोडल्या नसत्या. चुलतांना आम्ही फार तर नोटीस पाठवतो.

सर ओरडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "खालचे जबडे सुटे होते. ते?"

"ते पण सर. काही ठेवलं नाय."

मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "चल." मी दुधाची पिशवी दिगूच्या उशाशी ठेवली आणि त्यांच्याबरोबर टॅक्सीत बसले. तीस वर्षं या माणसाने त्या नऊ डोक्यांवर पोरांना माणूस शिकवला होता. घरात दुसरं काहीच साठवलं नव्हतं. वाटेत मला रडू येत होतं, आणि रडू येतंय याचा रागही येत होता.

गिरगाव चौपाटीवर आदल्या रात्रीचा सगळा संसार ओहोटीने वाळूवर आणून टाकला होता. हात, मुकुट, उंदराचं शेपूट, निर्माल्य. पालिकेची माणसं फावडी घेऊन गोळा करत होती. सरांनी पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि ओल्या वाळूत बसले. खिशातून दाढीचा ब्रश काढला. तो त्यांनी कधी घेतला होता कोण जाणे. एकेक तुकडा उचलून ते ब्रशने झाडायचे, डोळ्यांशी धरायचे, बाजूला ठेवायचे. डावीकडे देव, उजवीकडे शंका.

मुकादम धावत आला. "ओ काका, काय हरवलं?"

"नातेवाईक," सर म्हणाले.

मुकादमाचा चेहरा बदलला. त्याने वॉकीटॉकी काढला. "बुडाले? कधी?"

"काल रात्री."

"किती जण?"

"नऊ."

"अरे देवा! वय?"

"सगळ्यात धाकटा चाळीस हजार वर्षांचा," सर म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही. मुकादमाने माझ्याकडे बघितलं, वॉकीटॉकी कमरेला लावला आणि लांबून जायला लागला. थोड्या वेळाने त्याने एक रिकामं घमेलं आणून सरांच्या शेजारी ठेवलं.

ऊन चढलं. मी त्यांच्यासाठी चहा घेऊन आले तेव्हा सर उभे होते. हातात एक तुकडा. अर्धा जबडा, तीन दाढा, रंग उडालेला. त्यांचा चेहरा मी तसा त्याआधी कधी पाहिला नव्हता. कपाळाला वाळू, चष्म्यावर खारं पाणी, आणि तोंडभर हसू.

"सापडला! हा माझाच. नाकेल्याचा. दाढा बघ!"

मी बघितलं. मला त्यात दाढा दिसत होत्या, नाकेला दिसत नव्हता. शेजारच्या वाळूत कुठल्याशा देखाव्यातल्या राक्षसाचं अर्धं तोंड पडलं होतं.

"त्या राक्षसाचा नसेल कशावरून?" मी विचारलं.

"सोपं आहे. हनुवटी बघायची. आपल्याला असते, नाकेल्याला नव्हती. मूर्तिकार राक्षसालाही आपल्यासारखीच हनुवटी काढतो." त्यांनी तुकडा फिरवला. तो नेमका हनुवटीच्या जागीच तुटला होता.

सर बराच वेळ त्या तुटक्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. मग हळूहळू खाली वाळूत बसले.

"ज्याला हाड सापडतं..." ते म्हणाले आणि थांबले. पुढचं वाक्य दोघांनाही पाठ होतं. "माझा असावा असं फार वाटतंय गं," ते म्हणाले. चहा गार होऊन गेला.

दुसरा तुकडा मिळाला नाही. संध्याकाळपर्यंत बसले, पण मिळाला नाही. घरी येऊन त्यांनी तो जबडा धुतला, कागदाच्या चिठ्ठीवर लिहिलं, 'निश्चित नाही', आणि ओट्यावरच्या रिकाम्या फळीवर ठेवला. पुढच्या शनिवारी काकूंनी त्या एकट्याच तुकड्याला ओलं फडकं फिरवलं आणि उरलेली फळी उगाचच पुसत राहिल्या.

सर्वपित्री अमावास्येला काकू म्हाळ घालत. सासूसासऱ्यांचं पान असायचं. सर विश्वास नसतानाही जेवायला मात्र वेळेवर बसत. त्या वर्षी मी वाटाण्याचं सांबारं द्यायला गेले तर काकूंनी एक पान जास्त मांडलं होतं.

"हे कुणाचं?" सरांनी विचारलं.

"तुमच्या त्या मंडळींचा."

"अगं, किती वेळा सांगायचं, ते आपले पूर्वज नव्हेत. चुलत होते. त्यांचा वंश कधीच संपला. चुलतांना पान नसतं."

काकूंनी वडे वाढायचे थांबवले. "वंश संपलो म्हणानच तर," त्या म्हणाल्या. "मागे कोण नाय त्यांका. मग त्यांका कोण घालतलो? आणि उद्या आमका कोण घालतलो?"

सरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला.

"जाडजबड्याला अळू जास्त वाढ," ते म्हणाले. "त्याला आवडलं असतं."

आता चाळीच्या जागी टॉवर आहे. सर आणि काकू टॉवर व्हायच्या आधीच गेले, संक्रमण शिबिराच्या खोलीत, एकामागोमाग. अर्धा जबडा माझ्याकडे आला. तो माझ्या किचनमध्ये मिक्सरच्या वरच्या फळीवर आहे, चिठ्ठीसकट, आणि शनिवारी मी तो पुसते. खिडकीत अन्न ठेवू नये अशी सोसायटीची नोटीस आहे, ती मी वर्षातून एकदा मोडते. परवा सर्वपित्रीला पानं मांडली तर माझी सून मोजायला लागली. सासूबाई, सासरे, आणि ही दोन?

"आई, ही कुणाची? आपल्या घराण्यातली?"

"नाही गं," मी म्हटलं. "चुलत."

"कुठल्या बाजूचे?"

मी अळूचा डाव पानावर रिकामा केला. "भिंतीच्या बाजूचे."